वाट्याचा गूळ

केरबा म्हणजे कामाला सोनं आणि संगतीला ताप. मी त्याच्या चुलवाणाला जाळ घालण्यात उमर काढली, म्हणून बोलतो. चुलवाण म्हणजे गुऱ्हाळाची भट्टी. वर काहिलीत उसाचा रस उकळतो आणि खाली खड्ड्यात बसून एकजण वाळलेलं चिपाड आत सारत राहतो. तो मी. वर काहिलीपाशी उभा राहून गूळ कधी झाला हे ठरवतो तो गुळव्या. तो केरबा. गूळ चांगला उतरला की केरबाचा हात चांगला. गूळ बिघडला की दादासोचा, म्हणजे माझा, जाळ जास्त. आमची वाटणी पहिल्यापासून अशी होती.

आमची गुऱ्हाळं कोल्हापुराबाहेर, कळंब्याच्या तळ्याच्या पुढं, गारगोटी रस्त्याला. केरबा आपल्या मामाच्या हाताखाली शिकला. आधी काही वर्षं नुसती मळी काढायची. रस तापला की घाण वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायचं. हात थांबला की मामा त्याच झाऱ्याच्या दांड्यानं पाठ शेकायचा. त्यामुळं केरबाला एक सवय लागली. काहील चुलवाणावर असली की तो बसत नाही. पायात गोळे येऊ देत, ताप असू दे, तो उभाच. कुणी पाट पुढं केला तर म्हणायचा, "बसलेल्या माणसाला गूळ फशिवतोय." ही त्याची एक गोष्ट मला पटलेली आहे. बाकी फार नाहीत.

रंगावर त्याचा जीव. मार्केट यार्डात सौद्याला त्याचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, फुटला की आतून हळदीसारखा निघायचा. व्यापारी न विचारता म्हणायचे, "केरबाचा हाय न्हवं?" हे ऐकायला तो मुद्दाम बैलगाडीवर बसून जायचा, पुढं ट्रॅक्टरवर. रात्रभर उभा राहिलेला माणूस झोपायचं सोडून एवढ्यासाठी जायचा.

तो रंग हाताचा होता, पण सगळाच हाताचा नव्हता. काहील उतरवायच्या जरा आधी केरबा पांढऱ्या पावडरीची चिमूट टाकायचा आणि गूळ उजळायचा. सगळीच गुऱ्हाळं टाकायची. बाजाराला पिवळा लागायचा. पण पावडर टाकायच्या आधी तो एक काम न चुकता करायचा. उलथन्यावर थोडा गूळ काढून केळीच्या पानावर बाजूला ठेवायचा. गुऱ्हाळावर आलेला माणूस रिकाम्या तोंडानं परत जात नाही, ही आमच्याकडची रीत. शाळेची पोरं, वाटेनं जाणारा पावणा, कुणीही. त्यांना जो घास मिळायचा तो त्या पानावरचा, पावडर पडायच्या आधीचा. बोलून दाखवलं नाही कधी. खड्ड्यातून मला वरचं सगळं दिसायचं.

आणि हंगाम संपताना एक काहील बिनपावडरीची. ती घरासाठी. तो गूळ काळपट निघायचा. त्याची बायको चिमणाबाई तो मडक्यात भरून माळ्यावर ठेवायची आणि वर्षभर पुरवायची. बाजारचा पिवळा, घरचा काळा. केरबाच्या डोक्यात हे दोन वेगळे डबे होते.

पुढं गुऱ्हाळ बंद पडलं. ऊस साखर कारखान्याला जायला लागला. केरबाचा पोरगा ऋतुराज कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पाळीवर लागला. माझे डोळे धुरानं चुरचुरायचे, मीही घरी बसलो. चिमणाबाई वारली. काहील पालथी पडून राहिली आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालायला लागल्या. भंगारवाला दोनदा बघून गेला.

मग केरबाच्या सुनेनं डोकं चालवलं. क्रांती तिचं नाव. माहेर शाहूवाडीकडचं, भाताचं रान. उसातलं तिला काही कळत नव्हतं, पण माणसं जमवता येत होती. तिनं कोल्हापुरातली काही घरं गाठली आणि सांगितलं की आमच्या रानात वाटा घ्या. पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच भरा. कोवळ्या उसाच्या सरीत मेथी, कोथिंबीर, मका, जे येईल ते वाटून घेऊ. थंडीत गूळ. पीक आलं तर सगळ्यांचं आलं, गारा पडल्या तर सगळ्यांच्याच पडल्या. गोणीतलं खत नाही. चुलवाणात टायर नाही, फक्त चिपाड. प्लास्टिक नाही, ज्यानं त्यानं घरून पिशवी आणायची. गुळात पावडर नाही.

केरबा लगेच हो म्हणाला. मला तेव्हाच कळलं की त्यानं सगळं ऐकलं नाही. काहील पुन्हा चुलवाणावर चढणार, एवढं ऐकलं आणि कान मिटले. मलाही बोलावणं आलं. "काका, तुम्ही नुसतं बसून सांगा," क्रांती म्हणाली. बसून सांगायला माणूस तर पाहिजे खाली. एक यायचा आणि दोन दिवसांनी यायचा नाही. शेवटी मीच खड्ड्यात उतरलो. सांगायला सोपं असतं.

पहिला गूळ निघाला तो काळपट तांबूस. म्हणजे जसा निघायला पाहिजे तसा. केरबानं वाफ्यात, म्हणजे गूळ ओतून निववायच्या उथळ हौद्यात, बघितलं आणि माझ्याकडं वळला.

"दादू, जाळ किती घातलायस?"

"रोजचाच."

"मग हे काय झालं?"

"पावडर न्हाय घातलीस. दुसरं काय व्हनार?"

"जाळ जास्त झालाय," तो म्हणाला आणि विषय संपवला.

खरा वैताग पुढं सुरू झाला. वाटेकऱ्यांचा मोबाईलवर ग्रुप होता. तिथं एकेक निरोप यायला लागले. गूळ काळा का? जळलाय का? शेजारच्यांना दाखवायला लाज वाटली. पोळ्या मातीच्या रंगाच्या झाल्या. आणि क्रांतीची चूक अशी की ती हे जेवताना सासऱ्याला वाचून दाखवायची. तिला वाटायचं, सगळं उघड असावं. गुळव्याला ताटावर बसवून त्याच्या गुळाला नावं ठेवलेली वाचून दाखवायची नसतात. केरबा भाकरी अर्धी टाकून उठायचा.

ती एक गोष्टही स्पष्ट सांगून बसली होती. "मामा, होळीला सगळे पुढच्या वर्षाचं ठरवणार. निम्मी घरं जरी सुटली, तर ऊस कारखान्याला घालावा लागंल. मग गुऱ्हाळ बंद." म्हणजे काहील भंगारात. हे ती बोलली नाही. केरबाला ऐकू आलं.

त्यानं हातानं करता येईल ते सगळं केलं, हे मी कबूल करतो. रानभेंडीची खोडं दुप्पट ठेचली. तिचा चिकट रस काहिलीत घातला की मळी गोळा होऊन वर येते आणि रस नितळ होतो. मळी काढायला तो एक क्षण हटला नाही. मला म्हणाला जाळ बारीक ठेव, मी बारीक ठेवला. काहिलीला दुप्पट वेळ लागला. दुसरा गूळ खरंच उजळ निघाला, मधासारखा. ग्रुपवर निरोप आला: अजून काळाच आहे, पण ठीक आहे.

"ठीक हाय," केरबा दिवसभर पुटपुटत होता. "ठीक हाय म्हनं."

मग तो रविवार आला. वाटेकरी सगळे गुऱ्हाळ बघायला येणार होते. क्रांतीनंच बोलावलं होतं. तिचं म्हणणं, एकदा बघितलं की समजतील. मी पहाटे पोचलो तर केरबा आधीच हजर. पहिल्या घाण्याचा रस त्यानं काहिलीत ओतून घेतलेला. मला म्हणाला, "लाव जाळ. माणसं यायच्या आत उकळी फुटूंदे." इतक्या वर्षांत त्यानं घाई केलेली मी बघितली नव्हती. विचारलं, तर म्हणाला, "तू खालचं बघ."

ऊन चढलं तशा गाड्या लागायला लागल्या. नागाळा पार्कातली अनुजा आली, बँकेत आहे, तीच तो ग्रुप सांभाळते. बरोबर तिची लहान पोरगी मोना. सम्राट आला, त्याचं दुचाकीचं दुकान आहे. त्यानं आल्याआल्या चिपाडाच्या ढिगावर चढून फोटो काढले आणि माझं वाळवण तुडवलं. "पावणं, खाली उतरा," मी म्हटलं. "ते जाळायचं हाय, लोळायचं न्हाय." शुक्रवार पेठेतल्या झुंबरबाई आल्या त्या खुर्ची मागतच आल्या.

काहील उतरली, गूळ वाफ्यात पडला, आणि सगळे त्यावर वाकले. पिवळा. हळदीसारखा.

"हे बगा," झुंबरबाई खुर्चीतून उठल्या. "ह्याला म्हनत्यात गूळ. एवढे दिस काय झालंतं रं तुला?"

"केरबामामा, एक नंबर," सम्राट म्हणाला.

क्रांती हसत होती. भेंडीचा रस वाढवला, मळी जास्त काढली, हे ती सगळ्यांना सांगत होती. केरबा उलथनं घेऊन वाफ्यातला गूळ ढवळत होता आणि वर बघत नव्हता. माझ्या बोटाला चिपाडाची धार लागली होती, ते बघत मी खड्ड्यातच बसलो. मला गुळाचा रंग दिसत होता. आता मला काय वाटलं ते सांगत नाही. मी जाळाचा माणूस.

मोना वाफ्यापाशी गेली. आधीच्या खेपेला आईबरोबर वाटा न्यायला ती आली होती, तेव्हा केरबानं तिला पानावरचा घास फुंकून दिला होता. तिच्या ध्यानात होतं.

"आजोबा, माझा घास?"

केरबानं हात आडवा धरला. "आज न्हाय."

"का?"

"गरम हाय."

"मागच्या वेळी पण गरम होता. तुम्ही फुंकून दिलात."

"आज न्हाय म्हटलं न्हवं? जा, उसाचं कांडं घे जा."

पोरगी तिथंच उभी राहिली. रडली नाही. नुसती बघत राहिली.

मी खड्ड्यातून वर आलो. केरबाच्या गुऱ्हाळावरून कधी कुत्रं रिकाम्या तोंडानं गेलं नव्हतं. आणि बाजूला, जिथं केळीचं पान ठेवलेलं असतं, तिथं पान नव्हतं. पावडर शेवटी टाकायची तर क्रांती आणि सगळी माणसं डोक्यावर उभी असणार. म्हणून यानं उकळत्या रसातच टाकली होती, कुणी यायच्या आधी. मग आधीचा घास कुठून काढणार? काढायला आधी काही उरलंच नव्हतं.

क्रांतीनंही ते बघितलं. तिनं काही वर्षं चिमणाबाईच्या हाताखाली काढली होती. घरची काहील वेगळी का असते, पान आधी का भरतात, हे तिला सासूनं सांगितलं असणार. तिचं हसू गेलं. ती वाफ्यापाशी आली.

"मामा, पोरीला का न्हाय दिला?"

"गरम हाय."

"मग तुम्ही खावा. एक घास."

"दात न्हाईत."

"गुळाला दात लागत न्हाईत, मामा."

केरबानं उलथनं ठेवलं. पंच्याच्या टोकाला गाठ होती, ती सोडली. आत कागदाची पुडी, तिच्यात उरलेली पांढरी पावडर. त्यानं ती सगळ्यांसमोर वाफ्याच्या काठावर ठेवली.

"घातली मी," तो म्हणाला. "पिवळा पायजे, पिवळा पायजे म्हणून डोस्कं खाल्लासा. घ्या पिवळा."

आता मला वाटलं की माणसं चिडतील. चिडली ती एकटी अनुजा. तिनं पोरीला जवळ ओढलं आणि म्हणाली, "आम्ही पावडर नको म्हणूनच वाटा घेतला होता. नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानात काय वाईट होतं?"

"अहो, पण किती घातलीय?" सम्राट म्हणाला.

"चिमूट."

"मग चालतंय की. रोज काय कमी खातोय आपण? रंग बघा, रंग."

"व्हय," झुंबरबाई म्हणाल्या. "चिमटीनं काय होतंय? मला चार रवे द्या ह्यातलं. माझ्या नातीचं लगीन हाय."

"अहो आजी, तुम्हीच ग्रुपवर विचारलं होतं, पावडर नाही ना म्हणून," अनुजा म्हणाली.

"इचारलंतं. आता बघितलं."

असा वाद. जो गूळ नको म्हणून ही माणसं जमली होती, तोच हवा म्हणून निम्मी भांडत होती. केरबा एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होता. त्याच्या बाजूनंही कुणीतरी बोलत होतं, आणि ते त्याला आवडत नव्हतं, हे तोंडावरून दिसत होतं.

"हा गूळ वाट्यात जानार न्हाय," क्रांती म्हणाली.

"सौद्याला लाव मग," केरबा म्हणाला. "यार्डात झेलतील."

"ते बी कुनाच्या तरी पोरीच्याच तोंडात जाईल, मामा. बघायला आपून नसू, एवढंच."

क्रांतीनं फावडं घेतलं आणि गूळ पाटीत भरायला सुरुवात केली. अनुजा दुसरी पाटी घेऊन आली. दोघींनी तो उकिरड्याच्या खड्ड्यात नेऊन ओतला, शेणावर, पाल्यावर. ऊस तोडणाऱ्यांची कंबर, घाण्यावरच्या माणसाचे हात, माझा जाळ, केरबाचे पाय, सगळं त्या खड्ड्यात. मला ते सहन झालं नाही. चूक कुणाची का असेना, कष्ट उकिरड्यात घालायचे नसतात. मी क्रांतीला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "काका, मग काय करायचं ते सांगा." त्याचाही राग आला.

निम्म्या गाड्या निघून गेल्या. झुंबरबाई जाताना म्हणाल्या, "चांगला गूळ मातीत घातलासा. पुढच्या वर्षी माझं नाव काढा." सम्राट त्यांना सोडायला म्हणून गेला तो आला नाही.

टाकीत अजून एका काहिलीचा रस होता. केरबा टाकीपाशी गेला, आत बघितलं आणि राहिलेल्या माणसांकडं वळला.

"थांबनार हायसा?"

"थांबतो," अनुजा म्हणाली.

"मग हात रिकामे ठेवू नगासा. ती भेंडी ठेचा. तुम्ही मळी धरा. तुम्ही दादूला चिपाड द्या."

आता मला मदतनीस मिळाले. मदत कसली. एकानं ओलं चिपाड आणून टाकलं, धूर कोंडला आणि सगळे डोळे चोळत पळाले. "वाळलेलं! वाळलेलं आणा!" मी ओरडलो. दुसऱ्यानं एकदम एवढं सारलं की जाळ काहिलीच्या बाहेर आला. मी त्याला हाताला धरून बाजूला बसवलं आणि म्हटलं, तू फक्त बघ. भेंडी ठेचणाऱ्यांच्या हाताला तार सुटली, त्याच हातांनी तोंड पुसायला लागले. अनुजा मात्र झारा धरून उभी राहिली. केरबा तिच्या शेजारी. एकदा तिनं बसायला दगड बघितला, तेव्हा तो म्हणाला, "बसू नगा ताई. फशिवतोय." ती बसली नाही.

सूर्य कलला तेव्हा केरबानं ओल्या बोटांनी थेंब उचलून पाण्यात टाकला. गोळी झाली. ती थाळीवर आपटली तर वाजली, म्हणजे गूळ झाला. त्यानं कमरेच्या पंच्याकडं हातसुद्धा नेला नाही. केळीचं पान काढलं, त्यावर उलथन्यानं गूळ ठेवला आणि मग काहील उतरवायला सांगितलं. आधी पान. मग काहील. पावडर टाकायचीच नाही तर आधी काय नि नंतर काय. पण त्याचा हात तसाच चालतो.

मोना गाडीत झोपली होती. तिला उठवून आणलं. केरबा गुडघ्यावर बसला, पान तिच्यापुढं धरलं आणि फुंकर घातली. काहील उतरली होती, म्हणून बसला.

"हा काळा आहे," पोरगी म्हणाली.

"व्हय. घरचा हाय."

तिनं खाल्ला. जीभ भाजली. पाणी प्यायली आणि पुन्हा हात पुढं केला.

अनुजानं आपली पिशवी उघडली. आणखी दोघांनी उघडली. होळीला किती घरं राहतील ते तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं आणि आज सांगतानाही नाही. होळी अजून यायची आहे. काहील अजून चुलवाणावर आहे. झुंबरबाईंनी ग्रुपवर विचारलंय म्हणे, काळा तर काळा, पण पुढचा कधी निघणार. नाव काढायला सांगून गेलेली बाई.

गाड्या गेल्यावर केरबा वाफ्यापाशी आला. गुळाचा तुकडा मोडला, उजेडाकडं धरून बघितला, तोंडात टाकला. दात नसलेला माणूस बराच वेळ चघळत राहिला.

"दादू," तो म्हणाला, "जाळ जरा जास्तच झालाता."

जाळ बरोबर होता.